पंपाच्या पोटाखालचं भोक

शिवोलीच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर
'शेवंती' नांगरलेली असते. अठ्ठावीस फूट, एक डोलकाठी,
आणि पायऱ्यांच्या फळीमागे दोन सिलिंडरचं इंजिन,
माझ्या लेकीहून सहा वर्षांनी मोठं.
वारा असला की त्याची आठवण येत नाही.
वारा असतोच असं नाही.

सोमवारी फळी उचलली, तर तळात काळं पाणी
आणि वर तवंग, चिंबोरीच्या कालवणावर येतो तसा.
आधी आपोआप चालणाऱ्या उपशाच्या पंपाची वायर काढली.
तो बिचारा आंधळा. पाणी चढलं की बाहेर फेकतो.
पलीकडे ओहोटीत गुडघाभर उतरून
बायका तिसऱ्या काढतात, हे त्याला कोण सांगणार?
मग वाटी आणि डबा.
एकशे बारा वाट्या मोजल्या, पुढे कंबरेनं मोजू दिलं नाही.

रुजार मेस्त होडी वल्हवत आला,
सोबत भाची ज्योसिंता, बारावी देऊन रिकामी.
तो आल्या आल्या काही शोधत नाही. पुसतो.
इंजिन असं पुसलं, की बारशाला न्यावं.
"मळकं इंजिन खोटं बोलतं, सर."
मग रंग शिकवले, मी वर्गात शिकवायचो त्याच आवाजात:
हिरवं ते थंडाव्याचं, गोड लागतं म्हणतात, चाखू नका, विष आहे;
तांबडं ते गियरचं;
बोटाला पातळ आणि दिवसभर नाकात राहतं ते डिझेल;
पांढरं मीठ धरलं असेल, तर नदी आत येतेय.
"आणि काळं?"
"काळं कुणाचंही असतं."

खाली अंथरायला पांढरा कागद हवा होता.
माझ्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका, एका अंगानं कोऱ्या.
ज्योसिंतानं नळ्यांवर तोंडाची पावडर शिंपडली.
इंजिन चालू केलं. तिघं उकिडवे, टॉर्च एक.
अकराव्या मिनिटाला थेंब पडला.
मी कागद ओढून उलटा केला:
प्रश्न दुसरा, रिकाम्या जागा भरा, पाच गुण.

पण थेंब पडतो तिथे गळत नसतं.
तो वरून येतो, नळीचं पोट धरून,
पट्टीवर जरा टेकून, मग स्वतःला सोडतो.
पावडरीत त्याची वाट उमटली होती,
बोटभर रुंद, इंजिनाच्या मागे वळणारी.
तिथे ना रुजारचा पंजा जातो ना माझा.
त्यानं तोवर तेलाची काडी ओढून पाहिली
आणि गप्प झाला.
तेल दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं.

ज्योसिंताचा हात गेला, खांद्यापर्यंत.
"मामा, हांगा कितें तरी घट्ट आसा."

रुजारनं आरसा धरून पाहिलं, मग मला समजावलं.
पंपात एकीकडे नदी, एकीकडे तेल.
मध्ये दोन रबरी कड्या, आणि कड्यांच्या मधोमध हे भोक,
कारखान्यातच पाडलेलं, गळण्यासाठीच.
कडी झिजली की इथून ठिबकावं,
बाहेर, मालकाला दिसेल असं.
"कुणीतरी पुटी भरलीय. वर रंगही दिलाय. सुबक."

गेल्या चतुर्थीच्या आधी तिथून पाणी टिपकत होतं.
मी कानस मारून, तीन बैठकांत ते बंद केलं,
नीलाक्षीला मुद्दाम होडीवर आणून दाखवलं: बघ, थांबलं.
ती म्हणाली होती, मग आता ते जातं कुठे?
मी हसलो होतो.

"आधीचा मालक असेल," मी म्हणालो.
रुजारनं सुईनं पुटी टोकरली.
रंग निळा होता, शेवंतीच्या काठाचा,
मागच्या वर्षी मीच म्हापशाहून आणलेला डबा
अजून त्याच्या कोपराशी उघडा पडला होता.
ज्योसिंतानं डब्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.
मेस्तानं कडीचा नंबर कागदावर टिपला.

कड्या गुरुवारी आल्या. तेल तीनदा बदललं,
तिसऱ्यांदा ते मधासारखं उतरलं.
जुनं तेल दोन कॅनमध्ये भरून
स्कूटरच्या पायाशी ठेवून म्हापशाला पोचवलं.
आज सकाळी पाहिलं, अंगणात स्कूटरखाली काळा डाग.
नीलाक्षी दारातून म्हणाली, काय गळतंय?
मी चिंधी घेतली.
आधी पुसलं.